पाडव्याआधीचा ढीग

वारा कुठला आहे हे मोठीमाय झाडाच्या पानांवरून ओळखत नसे. ती पदराच्या कडेला चिकटलेली रुई चिमटीत धरायची, दोन बोटांनी विंचरून अगदी विरळ करायची आणि हात उंच करून सोडून द्यायची. मग मान वर करून बघत राहायची. ती रुई ज्या घरावरून जाईल त्या घरी आधी माणूस पाठवायचा, त्या घरचा होकार यायचा, आणि मगच काडीकचऱ्याच्या ढिगाला विस्तव लागायचा. त्या दिवसांत पदराला रुई नाही अशी बाई अकोल्याच्या जुन्या शहरात सापडली नसती. आमच्या गल्लीत तर झाडांना, कुडांना, गुरांच्या शिंगांना, रांजणाच्या तोंडावर बांधलेल्या फडक्याला, सगळीकडे कापूस. दूर कुठेतरी अमेरिकेत लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलाचा झाला होता. ज्याच्या घरात जागा संपली त्याने ओसरीवर रचला, ओसरी संपली त्याने अंगणात. वर गवताची छपरं, भिंती तुरीच्या काड्यांच्या. अशा गल्लीत एक ठिणगी उडाली तर काय होईल, हे कुणी बोलून दाखवत नसे.

म्हणून त्या गल्लीचा एक रिवाज होता. आवारातला कचरा कुणी आपापला जाळायचा नाही. सगळ्या घरांचा कचरा एका जागी, एका हाताने, एका वेळी जळायचा. तो हात दरसाल गल्ली ठरवी, आणि मी तिथे राहायला गेलो त्याच्या कितीतरी आधीपासून गल्ली मोठीमायचाच हात ठरवत आली होती. ती माझी घरमालकीण. मोर्णा नदीच्या पलीकडे तिची काळी जमीन होती, नवरा होता, गाड्या होत्या. वय पन्नाशीच्या अलीकडचं, अंगाने आडवी, आवाज मोठा. सगळी गल्ली तिला मोठीमाय म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. आम्ही कोकणातले. पंतोजींच्या शाळेत मोडी अक्षर कसंबसं वळायला लागलं तोच वडील गेले आणि माझी शाळा सुटली. पुढे गावच्या एका माणसाच्या ओळखीवर वऱ्हाडात आलो आणि कापसाच्या एका वखारीत गोणपाटावर खुणेची अक्षरं काढायच्या कामाला लागलो. काजळी आणि डिंक कालवून कुंचल्याने मोठी मोठी अक्षरं काढायची. काम बरं होतं, पण मला बरं चाललेल्या गोष्टीचीच भीती वाटते, अजूनही वाटते. आज आहे ते उद्या राहील का, या विचारात माझा घास तोंडात फिरत राहायचा. त्यात बायकोला दिवस गेले. पहिलटकरीण माहेरी जायची, पण माहेर होतं सह्याद्रीच्या पार पलीकडे. आगगाडी अजून अकोल्यापर्यंत आली नव्हती, आणि बैलगाडीच्या त्या रस्त्यावर तिला घालायची माझी छाती झाली नाही. तिला इथे आई नाही, सासू नाही, मावशी नाही. मोठीमायच्या मागच्या आवारात, ज्याला तिकडे सांदवाडी म्हणतात, तिच्या टोकाला आमची एक खोली. तिला खिडकी अशी नव्हती, कुडाला वरच्या अंगाला एक झरोका होता, आणि त्या झरोक्यासमोर पंचवीसेक हातांवर गल्लीचा ढीग रचायची जागा.

पहिल्याच थंडीत मी मोठीमायला म्हणालो होतो की जाळायचं काम मला सांगा, आमच्याकडे उन्हाळ्यात शेतात राब भाजतात, पालापाचोळा आणि शेण पसरून वर माती टाकून पेटवून देतात, मला सवय आहे. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुमच्या कोकनात म्हने पानीच पानी," ती म्हणाली. "इथं इस्तू भडकला का विहीर जोळ येत नाई बाप्पा. तुलेच विहिरीजोळ जा लागते. तू घागरी भरून ठेव."

तर माझं काम घागरी भरण्याचं. ते मी मनापासून केलं, आणि घागरींपाशी उभं राहिल्यामुळे तिचं सगळं काम मला जवळून पाहायला मिळालं. तेव्हापासून आजवर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळांना कचरा जाळताना पाहिलं आहे. तिच्यासारखं कुणी पाहिलं नाही.

तिचं पहिलं म्हणणं असं की जे दुसऱ्या कामी येतं ते ढिगावर टाकायचंच नाही. पऱ्हाट्या, म्हणजे वेचणी संपल्यावर उपटलेली कापसाची झाडं, चुलीसाठी. तुरीच्या काड्या कुडासाठी. लिंबाचा पाला धान्याच्या कणगीसाठी. कुजणारं सगळं खताच्या खड्ड्यात. मग उरायचं काय? काटेरी फांद्या, वाळलेलं निवडुंग, छपराचं सडलेलं गवत आणि मुख्य म्हणजे किडकी बोंडं. ती कुठेही पडू दिली तर पुढल्या साली कीड पुन्हा शेतात. तेवढ्याचसाठी विस्तव. लोक टोपल्या घेऊन आले की ती टोपली पालथी करायला लावायची आणि काठीने उकलून बघायची. ओलं दिसलं की परत, कारण ओलं धुमसतं आणि धूर करतं. कण्हेरीची फांदी दिसली की परत, तिचा धूर विषारी. रुईचं झाडण दिसलं की मात्र ती खरी तापायची. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत जिवंत राहते, हे वखारीत आम्हालाही ठाऊक होतं. एकदा शेजारचा पिंजारी, साधाभोळा म्हातारा, पिंजताना उडालेली धूळ टोपलीतून घेऊन आला होता. त्याला तिने सगळ्यांदेखत विचारलं की तुम्ही गादी करून राहिले का सरण करून राहिले. म्हातारा हसत हसत टोपली घेऊन परत गेला आणि संध्याकाळी त्याची बायको मोठीमायला शेवया देऊन गेली. त्या दोघींचं मेतकूट असं होतं की एकीला शिव्या दिल्या तर दुसरी भांडायला यायची.

ढीग गुडघ्याइतकाच. जास्त असेल तर दोन ढीग, एकामागून एक. भोवतीची जमीन झाडून, शिंपडून, काळी ओली करून ठेवायची, कारण उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या त्या काळ्या जमिनीला भेगा पडायला लागतात आणि भेगेत पाचोळा गेला की निखारा त्यातून कुठे जाईल याचा नेम नाही. वेळ सकाळची, दव वाळल्यावर आणि वारा उठायच्या आत. विस्तव लावण्याआधी ती ढिगावर काठी आपटायची, सगळीकडून, आणि थांबायची. सरडा, विंचू, एखादं मुंगसाचं पिल्लू, जे असेल त्याला निघून जायला सवड द्यायची. एकदा कोंबडीने त्यात अंडी घातलेली निघाली तर त्या दिवशी ढीग पेटलाच नाही.

आणि पेटल्यावर ती उठायची नाही. घरून जेवायला हाक आली तरी नाही. निखारे उरले की मला घागर ओतायला सांगायची, मग फावड्याने खालवर करायची, मग पुन्हा घागर, पुन्हा खालवर. शेवटी उकिडवी बसून राखेत हात घालायची. कोपरापर्यंत. राख गार लागली की मुठीत धरून माझ्या हातावर टाकायची आणि म्हणायची, पाय. तिकडे पाय म्हणजे बघ. ती गार राख मी घरी नेऊन बायकोला भांडी घासायला द्यायचो.

त्या साली फाल्गुन लागला तेव्हा बायकोचे दिवस भरत आले होते. गल्लीचा आणखी एक रिवाज होता, की पाडव्यानंतर पाऊस पडेपर्यंत आवारात विस्तव लावायचा नाही. चैत्रात दुपारी वावटळी उठतात आणि वावटळीला दिशा नसते. म्हणजे जे जाळायचं ते पाडव्याच्या आत, नाहीतर तो वाळलेला ढीग अडीच-तीन महिने छपरांच्या मधोमध तसाच, कुणाच्या चिलमीची वाट बघत. त्या वर्षी कापूस उदंड, म्हणून कचराही उदंड. ढीग गुडघ्याचा कमरेपर्यंत गेला होता. आणि तो आमच्या झरोक्यासमोर होता.

मला झोप येईना. एकीकडे वाटे, जळून जाऊ दे लवकर, हिच्या कळा सुरू व्हायच्या आत. दुसरीकडे वाटे, धूर. आधीच तिला दम लागायचा. मोठीमायला मी काही बोललो नव्हतो, तिचंच घर, तिचाच रिवाज, आम्ही परके. पण ती स्वतःच एकदा आमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली की उद्या सकाळी वारा नदीकडे असेल तर ढीग काढून टाकते, दोन भाग करून, आणि तेवढा वेळ पोरीला पिंजारणीच्या ओसरीवर नेऊन बसव, ती बाजू लांब आहे. मग बायकोच्या पोटाकडे एकटक पाहून म्हणाली, "आज-उद्या हाये हे." त्या बोलण्याने मी आणखीच घाबरलो, आणि बायको मात्र शांत झाली. तिला मोठीमायचा भरवसा होता. बाळंतपणात मोठीमाय जवळ असली की मला काही होणार नाही, असं ती मला रोज सांगायची.

आता इथे बिब्ब्याचं सांगायला हवं. बिब्बा जंगलातला. परीट ज्याने कपड्यांवर खूण करतात तो. त्याच्या टरफलात काळा चीक असतो, तो अंगाला लागला की उततं, फोड येतात, कातडी जाते. त्याहून वाईट त्याचा धूर. धुरात सापडलेल्या माणसाचं तोंड असं सुजतं की डोळे मिटून जातात. आमच्या वखारीतल्या एका हमालाची ही गत मी पाहिली होती. पण त्याच टरफलाच्या आत जो गर असतो, गोडंबी, तो गोड आणि पौष्टिक. वऱ्हाडात बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी घालतात. हाताला तेल चोळून, राख घेऊन, जपून बिब्बे फोडावे लागतात, आणि ते सगळ्यांना जमत नाही. मोठीमायने माझ्या बायकोसाठी बिब्बे फोडले होते. आई नसलेल्या ठिकाणी आईचं काम कुणी करावं, म्हणून. सांदवाडीत गोणपाट अंथरून बसून तिने ते फोडले, वाटीभर गोडंबी काढली आणि टरफलं गोणपाटात गुंडाळून ठेवली, पुरायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुई नदीकडे गेली. अगदी सरळ. बायकोला मी पिंजारणीच्या ओसरीवर बसवून आलो, घागरी भरल्या, जमीन शिंपडली. गल्लीतले सातआठ जण जमले. मोठीमाय ढिगाचे दोन भाग करायला काठीने वरचं ओढू लागली आणि मधेच थांबली. वाकली. बोट न लावता काठीनेच एक काळं काहीतरी बाजूला घेतलं. मग आणखी एक. मग तिने काठी टाकली आणि आवाराच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे लिंबाखाली ते गोणपाट होतं, कोंबड्यांनी उकरून उलगडलेलं, रिकामं. आदल्या सकाळी तिचा नवरा गाड्या भरून निघाला तेव्हा त्या गडबडीत पुरायचं राहून गेलं होतं, आणि तो गेल्यावर तिनेच सगळी सांदवाडी झाडून ढिगावर लोटली होती.

कुणाला काही कळलं नव्हतं. तिने ते काळं टरफल काठीखाली दाबून पालापाचोळा वर ओढला असता तरी कुणाला कळलं नसतं. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो, मलाही ते काय आहे हे समजलं नव्हतं. ती सरळ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बिब्ब्याचे टरफलं हायेत याच्यात. गोडंबी म्या फोडली, गोनपाट म्या ठेवलं, झाडलंबी म्याच. हा ढीग पेटनार नाई."

मग समोरच्या घरचा शेतकरी, नात्याने तिचा दीर लागणारा, म्हणाला, "चार टरफलं असतीन, मोठीमाय. वारा तिकडं हाये. पेटवून टाक, पाडवा आला."

"अन् वारा फिरला तं?"

"फिरला तं पोरीले घरात घ्या. दार लावा."

"दार लावून धूर बाहीर राह्यते का? तुह्या सुनेची खोली असती इथं, तं असं म्हनला असता का तू?"

त्याच्या सुनेला नुकतंच मूल झालेलं होतं. पण त्याचंही चुकत नव्हतं. त्याचा वर्षाचा कापूस अंगणात, आणि त्या अंगणाला लागून हा कोरडाठाक कमरेइतका ढीग पाडव्यानंतर तसाच राहणार. तो जळलाच पाहिजे आणि जाळता येत नाही, अशी ती अडचण. सगळे माझ्याकडे पाहू लागले. का, ते मला कळत होतं. मी म्हणालो असतो की पेटवा, तर प्रश्न मिटला असता. पण मोठीमायनेच तो माझ्यावर येऊ दिला नाही. तिने मला पाणी आणायला पिटाळलं, ज्याची काही गरज नव्हती.

सकाळभर ती टरफलं वेचत बसली. हाताला तेल, राख, शेजारी मडकं. दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नाही, मला तर जवळही येऊ दिलं नाही, तुझ्या हाताने उद्या लेकरू घ्यायचं आहे म्हणाली. ऊन चढलं, घामाने तेल निघून गेलं, तिने पुन्हा चोळलं, पुन्हा निघून गेलं. दुपारपर्यंत मडकं अर्धं भरलं. पण किडक्या बोंडांची टरफलं काळी, बिब्ब्याची टरफलं काळी, आणि सगळं चुरलेलं. मी घागरींपाशी उभा राहून तिच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो की आता पुरे, आता पेटव. ती उठली ती मान हलवत. सगळी निघाली असं मी म्हणू शकत नाही, म्हणाली. आणि जे म्हणता येत नाही त्यावर ती काडी टाकणार नव्हती.

मग एकच उरलं, ढीग उचलून नदीपलीकडे तिच्या शेतात न्यायचा आणि खोल खड्ड्यात घालून वर माती लोटायची. गाडी असती तर दोन खेपांचं काम. पण त्या दिवसांत अख्ख्या अकोल्यात रिकामी गाडी मिळाली असती तर लोक बघायला जमले असते. यच्चयावत गाड्या कापसाला लागलेल्या. मोठीमायच्या स्वतःच्या सगळ्या गाड्या नवऱ्याबरोबर आगगाडीच्या रुळांच्या टोकाकडे गेलेल्या. तिने आपल्या घरातली मोठी टोपली आणली, ढिगावर दोन घागरी ओतायला मला सांगितलं, धूळ उडू नये म्हणून. टोपलीत जाड फडकं घातलं, काठ्यांनी कचरा भरला आणि एकटीच डोक्यावर घेऊन निघाली. कुणाला चल म्हणाली नाही. चूक आपली आहे तर ओझंही आपलंच, असा तिचा हिशेब दिसत होता.

ती गल्लीच्या तोंडापर्यंत पोचली असेल नसेल, तोवर पिंजारीण आपली टोपली घेऊन बाहेर आली. तिने जाता जाता त्या समोरच्या शेतकऱ्याला ऐकवलं की बसून काय बघता, भाऊ, डोकं आहे ना मानेवर, त्याचा एवढा तरी उपयोग करा. तो उठला. त्याच्यामागून त्याची बायको. मग एकेका घरातून टोपल्या येऊ लागल्या.

मी रजा मागायला वखारीत मुकादमाकडे धावत गेलो. मागायला नको, असं मला वाटत होतं, काम जाईल, एक दिवस नाही गेलो म्हणून दुसरा माणूस बसेल, लिहिता येणारे पुष्कळ. पण मी त्याला सगळं सांगितलं. तो अचलपूरकडचा माणूस, घरी बाळंतिणीला बिब्ब्याचा धूर लागल्याचं त्याने पाहिलेलं. त्याने मला जायला सांगितलं आणि वर वखारीतले दोन जाड गोणपाट दिले, टोपलीत घालायला. त्याचे उपकार मी अजून मानतो. परक्या मुलखात उपकार फार लक्षात राहतात.

मोर्णेला तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं. सगळी गल्ली ओळीने त्या पाण्यातून टोपल्या घेऊन चालली होती, बायका पुढे, बाप्ये मागे, आणि कापसाने भरलेल्या गाड्या आमच्यासाठी थांबत होत्या. एका गाडीवानाने विचारलं की काय घेऊन चालले राजेहो, सोनं का? पिंजारणीने त्याला सांगितलं की सोनं तू घेऊन जा, आम्ही आमची घाण घेऊन चाललो. त्यावर तो इतका हसला की त्याचे बैल बुजले. मोठीमाय मात्र हसली नाही. ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि तिने टोपली बोटांनी न धरता मनगटांनी धरली होती. ते मला तेव्हा दिसलं.

खड्डा तिच्या दिराने खणला. तोच, ज्याला ढीग पेटवायचा होता. कमरेइतका खोल खणला आणि एकटा खणला, दुसऱ्याला कुदळ दिली नाही. मला तो माणूस त्या दिवसापासून फार आवडू लागला.

शेवटच्या खेपेला मी परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पिंजारणीच्या ओसरीवर बायको नव्हती. तिला खोलीत नेलं होतं, सुईण आली होती. पिंजारीण पाणी तापवत होती, तिची टोपली अजून दारातच पडलेली. मी सांदवाडीत उभा राहिलो. ढीग होता तिथे नुसती ओली काळी जमीन, झाडून स्वच्छ केलेली. झरोक्यातून बायकोचा आवाज येत होता आणि ती मोठीमायला हाक मारत होती. मला नाही, आईलाही नाही, मोठीमायला.

मोठीमाय दारापाशी आली. मला वाटलं, आत जाईल. तिने उंबऱ्याबाहेर उभं राहून दोन्ही हात पुढे धरून पाहिले. ते मनगटापर्यंत उतले होते. बोटं फुगून एकमेकांपासून लांब झाली होती, काही फोड फुटले होते. ती आत गेली नाही. दाराला लागून कुडाशी पाठ टेकून बसली आणि तिथूनच, कुडातून, माझ्या बायकोशी बोलू लागली. काय करायचं, केव्हा श्वास घ्यायचा, केव्हा जोर लावायचा. मधूनच सुईणीला काही सांगे, सुईण चिडून उत्तर देई. बायकोने एकदा विचारलेलं मी ऐकलं, तू आत का येत नाहीस म्हणून.

"माह्ये हात चांगले नाईत, पोरी," ती म्हणाली. "मी इथंच हावो. कुठं जात नाई."

आणि ती गेली नाही. मी तिच्या हातांवर घालायला खोबरेल आणलं, ते तिने कुडाकडे तोंड ठेवूनच, माझ्याकडे न बघता, लावून घेतलं. तेल लावताना मी तिची माफी मागितली. कशाची, ते मला सांगता आलं नसतं. आमच्यामुळे झालं, असं काहीतरी म्हणालो. तिने मला गप्प राहायला सांगितलं. ऐकू येत नाही म्हणाली, आतलं.

दिवस मावळायच्या आत मूल रडलं. मोठीमायने डोकं कुडाला टेकवलं, डोळे मिटले, आणि मोठ्याने बाळाच्या डोळ्यांचं विचारलं, "डोये उघडले का?"

आतून पिंजारणीचा आवाज आला, "उघडे हैत. तेरेपेच गुस्सा हो रही है, अंदर काहून नाई आली."

मुलगी झाली, हे मला असं कळलं.

लाडू मोठीमायनेच पाठवले. गोडंबी तिची, पण वळले पिंजारणीने आणि त्या दिराच्या बायकोने. त्यानंतर ती रोज येऊन दाराबाहेर बसायची, मुलीला बघायची, तिच्याशी बोलायची, आणि पिंजारीण मुलगी पुढे करायची तेव्हा हात पाठीमागे घ्यायची. पाडवा झाला. चैत्राच्या वावटळी उठल्या, गल्लीतून धूळ आणि रुई घेऊन गेल्या, आणि छपरं जागच्या जागी राहिली. तिच्या हातांची जुनी कातडी निघाली, खाली नवी गुलाबी कातडी आली. मग एका सकाळी ती अंघोळ करून, शिकेकाईने हात धुऊन आली आणि पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आली. बायकोसमोर बसून तिने दोन्ही पंजे उघडून पुढे धरले.

"पाय," ती म्हणाली. "अन् मंग सांग."

माझी बायको लाजाळू. मला वाटलं, ती नुसतं हसेल आणि मूल देऊन टाकेल. तिने तसं केलं नाही. तिने मुलगी मांडीवर ठेवली, मोठीमायचे हात आपल्या हातात घेतले आणि उजेडाकडे वळवून नीट पाहिले, आधी तळवे, मग पालथे, मग एकेका बोटाच्या मधली जागा. मोठीमाय शाळेतल्या मुलीसारखी मुकाट बसून होती. सगळं पाहून झाल्यावर बायकोने मुलीच्या मानेखाली हात घातला आणि तिला उचलून त्या हातांवर ठेवलं.